बाटलीच्या गळ्यातली चिठ्ठी

2010 च्या मे महिन्यात मामांनी नाशिककडच्या पिंपळगावच्या मळ्यातली एक एकर शिराज, म्हणजे वाइनच्या द्राक्षाची बाग, जेसीबी लावून काढली. मी तेव्हा सुट्टीला गेले होते. बाग काढणं म्हणजे काय असतं ते द्राक्षवाल्यांच्या घरातच कळतं. आधी तारा सोडवायच्या, मग अँगल काढायचे, मग ठिबकच्या नळ्या गुंडाळायच्या. हे सगळं पुन्हा वापरायचं असतं, म्हणून फार जपून करायचं. वेलीला मात्र कोणी जपत नाही. मनगटाएवढं खोड जेसीबीच्या दातात अडकून वर येतं आणि बांधावर जाऊन पडतं. मामी पुढची दोन वर्षं त्या सरपणावर अंघोळीचं पाणी तापवत होती.

शिराज लावली ती 2006 ला. तेव्हा आमच्या भागात वारंच तसं होतं. 2001 साली सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं होतं, विंचूरला वाइन पार्क झालं होतं, गंगापूर धरणाच्या बाजूला सुला वायनरीकडे जाणाऱ्या मुंबईच्या गाड्या दिसायला लागल्या होत्या. एका वायनरीचा माणूस मोटरसायकलवर यायचा, कराराचा कागद दाखवायचा, चहा घेऊन जायचा. वायनरीचं नाव मी लिहीत नाही, मामाही घेत नाहीत. त्या माणसाशी मामांचा पहिला वाद झाला तो घडांवरून. मामा म्हणजे थॉमसनचा, खायच्या द्राक्षाचा, एकरी दहा-बारा टन माल काढणारा गडी. त्याला हा सांगे की वाइनला चार-पाच टनांच्या वर घड ठेवायचे नाहीत, बाकीचे कोवळे असतानाच कापून खाली टाका. मामा म्हणाले, "पिकवायचे पैसे देतात हे ऐकलं होतं. फेकायचेबी देता का?"

मग 2008 ची मंदी आली. त्याच नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, आणि वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्या त्या भरलेल्याच राहिल्या. मोठमोठे कोसळले. नारायणगावच्या इंडाज कंपनीने ऐंशीच्या दशकात फसफसणारी वाइन करून ती परदेशात नेली होती; तीसुद्धा त्या तडाख्यात बुडाली. मामांची वायनरी तर कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. एका हंगामाचा चेक दोनदा परत आला, दुसऱ्या हंगामात माल न्यायला गाडीच आली नाही. आणि वाइनच्या द्राक्षाचं दुखणं असं की ते बाजारात चालत नाही. शिराजचा मणी वाटाण्यापेक्षा जरासा मोठा, साल जाड, आत बिया. पेटीत भरून मुंबईला पाठवला तर व्यापारी हसेल. थॉमसनला भाव नाही मिळाला तर बेदाण्याच्या शेडवर तरी टाकता येतो. शिराजला एकच गिऱ्हाईक होतं, आणि ते फोन उचलत नव्हतं.

पुढच्याच वर्षी मी नोकरीसाठी लंडनला गेले आणि सात वर्षं राहिले. दक्षिण लंडनमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वाइनचं दुकान होतं. आपल्याकडच्या पिठाच्या गिरणीएवढी जागा. पहिले सहा महिने मी त्याच्यासमोरून नुसती जायचे. आत गेलं की काहीतरी कळल्यासारखा चेहरा करावा लागेल, अशी भीती. शेवटी पाऊस आला म्हणून शिरले.

आत बाटल्या लाकडी फळ्यांवर आडव्या ठेवलेल्या, आणि बऱ्याच बाटल्यांच्या गळ्यात सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. छापील नव्हे, हाताने लिहिलेली. कुणाची किती एकर बाग, कुठल्या उताराची, यंदा गारपीट झाली का, बाप-लेकाचं भांडण होऊन मुलाने वेगळी वाइन काढली का. एका चिठ्ठीवर तर एवढंच होतं: 'गेल्या वर्षीची जास्त चांगली होती. ही स्वस्त आहे.' मी हे वाचून मोठ्याने हसले, आणि दुकानदार कोपऱ्यातून म्हणाला की हसू नका, खरंच आहे, गेल्या वर्षीची दोनच खोकी मिळाली आणि ती मीच प्यायलो.

हा माणूस वर्षातून तीन-चारदा गाडी घेऊन फ्रान्स-इटलीकडे जायचा, छोट्या छोट्या बागायतदारांकडे उतरायचा, आणि कुणाकडून दहा खोकी, कुणाकडून वीस, असा माल उचलायचा. एका खोक्यात बारा बाटल्या. दहा खोकी म्हणजे एकशेवीस बाटल्या. सुपरमार्केटवाल्यांना एवढ्या मालासाठी कागदपत्र करायलाही परवडत नाही. त्यांना शेकडो दुकानांच्या फळ्या वर्षभर एकाच मालाने भरायच्या असतात. आणि छोट्या बागायतदाराचा अख्खा माल म्हणजे कधी कधी चार-पाच पिंपं. एका पिंपात 225 लिटर, म्हणजे तीनशे बाटल्या. मामांच्या भाषेत सांगायचं तर हा व्यापारी एका प्लॉटचा सौदा करणारा होता, तालुक्याचा नव्हे.

शॅम्पेनच्या बाटलीवरची एक गोष्ट त्याने मला दाखवली ती अजून आठवते. लेबलच्या अगदी खालच्या कडेला, मुंगीएवढ्या अक्षरात एक नंबर असतो आणि त्याच्या आधी दोन अक्षरं. त्याने अंगठ्याचं नख त्या अक्षरांखाली धरलं. 'एनएम' असेल तर समजायचं की कंपनी बाहेरूनही द्राक्षं विकत घेते. 'आरएम' असेल तर ज्याची बाग त्याचीच वाइन. मोठी मोठी नावं सगळी पहिल्या प्रकारात. फ्रान्सच्या त्या शॅम्पेन भागात हजारो बागायतदार आहेत आणि त्यांच्यातले बरेच आपला माल या मोठ्या घराण्यांनाच घालतात. थोडे आहेत ते स्वतःच्या नावाने बाटली भरतात. मी घरी आले तेव्हा डोक्यात मोटरसायकलवरचा तो माणूस आणि त्याचा कराराचा कागद फिरत होता.

या दुकानदाराने पाजलेल्या सगळ्याच वाइन चांगल्या होत्या असं अजिबात नाही. 'नैसर्गिक' म्हणून त्याने मोठ्या कौतुकाने दिलेल्या एका बाटलीला गोठ्याचा वास होता. मी तसं सांगितलं तर म्हणाला, हो, थोडा आहे. दुसरी एक उघडली तर सरळ शिरका. ती मी अर्धी ओतून दिल्यावर परत घेऊन गेले, त्याने वास घेतला, काही न बोलता दुसरी दिली. फ्रान्सच्या ज्यूरा भागातली पिवळी वाइन मात्र त्याने मला दोन वर्षं विकली नाही. 'अजून नको,' एवढंच. ती पिंपात सहा वर्षं तीन महिने ठेवतात. उडून जाईल तेवढी भरून काढत नाहीत, वर यीस्टची साय धरू देतात. एका लिटरमधली जेवढी उरते म्हणे तेवढ्या मापाची, 62 सेंटिलिटरची, ठेंगणी बाटली असते. पहिल्यांदा प्यायले तेव्हा अक्रोड आणि मेथीच्या भाजलेल्या दाण्यांचा वास आला. मेथी म्हटल्यावर त्याने वही काढून तो शब्द टिपून घेतला. पुढच्या आठवड्यात चिठ्ठीवर मेथी होती.

2014 च्या सुमारास त्याने एक नारिंगी रंगाची वाइन आणली. जॉर्जियाची. अमेरिकेतलं राज्य नव्हे, कॉकेशसमधला देश. तिथे काखेती भागात द्राक्षं चेंगरून सालं, बिया, कधी देठांसकट मातीच्या मोठ्या रांजणात घालतात. रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला, आतून मधमाशीच्या मेणाने सारवलेला. तोंडावर झाकण ठेवून लिंपून टाकायचं आणि वसंतात उघडायचं. पांढऱ्या द्राक्षाची वाइन सालीवर पाच-सहा महिने राहिली की तिला चहासारखा रंग येतो आणि चहासारखाच तुरटपणा. ते लोक या रांजणाला 'क्वेव्री' म्हणतात. 2013 मध्ये युनेस्कोने या पद्धतीला वारसा म्हणून मान्यता दिली. पण मला त्या बाटलीत अडकवलं ते चिठ्ठीच्या मागच्या बाजूने.

तिथं त्याने बारीक अक्षरात एक हकीकत लिहिली होती. सोव्हिएत काळापासून जॉर्जियाची वाइन जायची ती मुख्यतः रशियाला. तिकडे खप भरपूर, म्हणून माल ढिगाने काढायचा, चवीचं कोण बघतो. 2006 मध्ये राजकारण बिनसलं आणि रशियाने एका फटक्यात जॉर्जियाची वाइन बंद केली. ती बंदी 2013 पर्यंत उठली नाही. देशाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक गेलं. पुष्कळांचं नुकसान झालं, बागाही गेल्या. पण काही लोक घरच्या रांजणातली, आपल्या पिण्यासाठीची वाइन बाटलीत भरून लंडन, पॅरिस, टोकियोच्या असल्याच गिरणीएवढ्या दुकानांकडे पाठवायला लागले. दहा खोकी, वीस खोकी.

2006. मामांनी शिराज लावली ते साल.

मी त्या संध्याकाळी खूप वेळ ती बाटली समोर ठेवून बसले होते. दोन्हीकडे एकच गिऱ्हाईक होतं, दोन्हीकडे त्याने दार लावून घेतलं. तिकडच्या काहींना दुसरं दार सापडलं, मामांना जेसीबीवाल्याचा नंबर सापडला. जॉर्जियाला आठ हजार वर्षांची परंपरा आहे आणि पिंपळगावला नाही, हे मला मान्य. मामांना द्राक्ष कळतं, वाइन करता येत नाही, हेही मान्य. शिवाय आपल्याकडे वायनरीचा परवाना, टाक्या, थंड ठेवायची यंत्रणा, हे एका एकरवाल्याच्या आवाक्यातलं नाही. तरी आमच्या तालुक्यात तेव्हा ज्यांनी खरंच जीव ओतून वाइन केली होती, त्यांच्या बाटल्या कुणी विकल्या असत्या? कुणाच्या शब्दावर?

खरं तर शब्दावर माल घेणं आपल्याला काही नवं नाही. आमचा पुण्याचा आंबेवाला दर एप्रिलला फोन करतो. तो सांगतो, ताई, ही पेटी घेऊ नका, मोहोर जळाला होता, पंधरा दिवस थांबा. आपण थांबतो. इंद्रायणी तांदूळ मावळातल्या ठरलेल्या माणसाकडून येतो. गोव्यात तर काजूच्या हंगामात हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, लेबल नसलेल्या, कुठल्याही जुन्या बाटलीत मिळते आणि कोणी तक्रार करत नाही, कारण ती कुणाच्या भट्टीची हे घेणाऱ्याला ठाऊक असतं. फक्त वाइनच्या बाबतीत आपली जीभ आखडते.

2018 ला पुण्यात परत आले आणि पहिल्याच आठवड्यात दुकान शोधायला निघाले. आपल्या भाषेत 'वाइन शॉप' या शब्दाचा अर्थ वाइन सोडून सगळं मिळण्याची जागा. लोखंडी जाळी, जाळीत हात जाईल एवढी खिडकी, बाहेर पुरुषांची गर्दी. मला बघून गर्दी जराशी फाकली. मान म्हणून की संकोच म्हणून, कळलं नाही. आतल्या मुलाला मी नाशिककडच्या एका लहान वायनरीचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, रेड का व्हाइट?" मी म्हटलं शेनिन ब्लां, म्हणजे व्हाइटच. तो म्हणाला, "गोडवाली का?" मग शिडी लावून सगळ्यात वरच्या फळीवरून एक बाटली काढली. ट्यूबलाइटला चिकटून, उभी ठेवलेली, खांद्यावर धूळ. साल बघितलं तर चार वर्षांपूर्वीचं. आपल्याकडची शेनिन ही एक-दोन वर्षांत प्यायची वाइन; पुण्यातले चार उन्हाळे तिने पत्र्याखाली काढलेले. घरी उघडली तर रंग कडक चहाचा आणि वास कुजलेल्या सफरचंदाचा. करणाऱ्याने 15-16 अंशांवर टाकी राखून, रात्री उठून तापमान बघून ती केली असणार. त्या मुलाने ती वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घालून दिली, अगदी मायेने.

त्याचा काही दोष नाही. महाराष्ट्रात सत्तरच्या दशकापासून अशा दुकानांचे नवे परवाने निघणं जवळजवळ थांबलेलं आहे. जुना परवाना विकत घ्यायचा तर केवढी रक्कम ओतावी लागते, आणि ती ओतल्यावर माणूस व्हिस्कीच विकणार. दहा खोकी शेनिनवर त्याचं व्याजही निघणार नाही. चिठ्ठ्या लिहीत बसणारा वेडा व्यापारी या हिशोबात जन्मालाच येत नाही. बिअर शॉपीच्या परवान्यावर वाइनही ठेवता येते, पण तिथलं फ्रीज बिअरसाठी. आणि गिऱ्हाइकाला पिण्याचाही परवाना लागतो, तो तब्येत राखण्यासाठी म्हणून दिलेला असतो. माझ्याकडे तो हजार रुपयांचा, आजन्म मुदतीचा आहे. आईला दाखवला तर म्हणाली, बरं झालं, एकदाची सरकारला तरी तुझ्या तब्येतीची काळजी आहे.

जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. किराणा दुकानात दारू, उपोषणाचे इशारे, टीव्हीवर रोज भांडण. निर्णय पुढे सरकलाच नाही. मला दोन्ही बाजूंचं कळत होतं. दारूने उठलेली घरं मी आमच्याच वाडीत पाहिलेली आहेत. त्या घरांतल्या बायकांचा राग मी काय खोडून काढणार? आणि शेतकऱ्याचं भलं होईल म्हणणाऱ्यांवरही माझा पुरता विश्वास बसला नाही. सुपरमार्केटच्या फळीवर बाटलीला स्वतःलाच बोलावं लागतं. तिथे जाहिरातवाल्याची बाटली बोलते, लहान माणसाची बाटली मुकीच राहते. सुलाने आपल्याकडे लोकांना वाइन प्यायला शिकवलं, हे श्रेय त्यांचंच. पण निम्म्याहून जास्त बाजार एकाच कंपनीकडे असताना फळीवर कोण दिसणार, ते सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून मी आता उलटं करते. दुकानात जात नाही, बागेत जाते. वायनरीला स्वतःच्या जागेत विकता येतं. इगतपुरीजवळ कावनई शिवारात व्हॅलोने वायनरी आहे. निफाड तालुक्यात रेव्हिलो वायनरीवाल्यांनी इटलीतल्या सिसिलीचे ग्रिलो आणि नेरो द'आव्होला हे वाण लावले, आणि निफाडच्या काळ्या मातीत सिसिली कशी लागते हे तोंडात घेतल्याशिवाय कळायचं नाही. नाशिकमध्येच दोघीजणी 'सेराना' नावाने मधाची वाइन करतात. सेराना हा एका मधमाशीच्या शास्त्रीय नावातला शब्द, ती म्हणजे आपली सातेरी. पुण्यात मूनशाइन मधाचीच करतं, पण हलकी, बिअरसारखी प्यायची. मधवाल्यांचं मला आवडतं ते हे की त्यांना फ्रान्सकडे बघून मान तुकवायची गरजच नाही.

अशा ठिकाणी हंगामात, फेब्रुवारीत जावं. आपली वेल झोपत नाही हे तिथे समजतं. युरोपात थंडीत पानं गळून वेल विश्रांती घेते, आपल्याकडे तिला वर्षातून दोनदा कात्री लावावी लागते. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, आणि माल थंडीच्या शेवटाला. एका ठिकाणी वाइन करणारा तरुण मुलगा टाकीतून थेट ग्लासात काढून देत होता. गढूळ, अर्धी आंबलेली, पेरूच्या सालीसारखा वास. मी विचारलं, पुण्यात कुठे मिळते तुमची? त्याने दोन दुकानं सांगितली आणि लगेच म्हणाला, "पण तिथनं घेऊ नका." हे सांगताना त्याचा चेहरा आंबेवाल्यासारखा होता. मी विचारलं, मुंबई-पुण्याबाहेर? तर म्हणाला, प्रत्येक राज्यात प्रत्येक लेबलची वेगळी नोंदणी, वेगळी फी. तीनशे बाटल्यांच्या एका पिंपासाठी कोण भरणार? त्याने त्या पिंपाला वेगळं लेबलच काढलं नव्हतं. मोठ्या टाकीत मिसळून टाकलं.

गेल्या मार्चमध्ये लंडनहून एक मैत्रीण आली, तिच्याकडून मी ती जॉर्जियाची नारिंगी बाटली मागवली होती. ती घेऊन पिंपळगावला गेले. मामा आता पंचाहत्तरीचे. ते पीत नाहीत, शिराज लावली तेव्हाही पीत नव्हते. स्टीलच्या फुलपात्रात दोन घोट ओतून दिले. त्यांनी आधी बाटली फिरवून लेबल बघितलं, अक्षर ओळखीचं नव्हतं. मग वास घेतला.

"बेदाण्याच्या शेडचा वास आहे," ते म्हणाले. "तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो तसा."

बरोबर होतं. इतक्या वर्षांत मला सुचलं नव्हतं. मी त्यांना रांजणाचं सांगितलं, मेणाचं सांगितलं, रशियाचं सांगितलं. त्यांनी एका बाटलीला किती द्राक्ष लागतं ते विचारलं. मी म्हटलं, साधारण सव्वा किलो. त्यांनी मनात हिशोब केला, ओठ हलले, पण आकडा सांगितला नाही.

"आणि पैसे?"

"माल उचलताना देतात, असं तो दुकानदार म्हणायचा."

"हं," म्हणाले, आणि फुलपात्र माझ्याकडे सरकवलं.

निघताना त्यांनी शेडमधून बेदाण्याच्या दोन पिशव्या आणल्या. एक मला, एक माझ्या शेजारणीला, ती दर वर्षी पैसे देऊन मागवते. मग थांबले, खिशातलं मार्कर पेन काढलं, पेट्यांवर नंबर घालायचं असतं ते, आणि पिशवी गुडघ्यावर धरून लिहायला लागले. माझ्या पिशवीवर लिहिलं: 'खालचा प्लॉट. पावसाआधीचा.' शेजारणीच्या पिशवीवर जरा जास्त वेळ लागला.

'वरचा प्लॉट. रंगाला कमी आहे. भाव कमी लावावा.'